जयपुरातली उघाडी

जयपूरला पोस्टिंग आली असं सांगितलं की गावाकडची माणसं आधी हळहळतात. "अरे बापरे, वाळवंट! करपून जाशील." त्यांचं अगदीच चूक नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि आमची पीटी सूर्य डोकं वर काढायच्या आत उरकावी लागते. वर्षातले सात-आठ महिने जयपूरचा माणूस उन्हाच्या नावानं बोटं मोडत असतो. पण हाच माणूस जानेवारीत सकाळी चहाच्या टपरीवर शेकोटीपाशी हात धरून उभा असतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "भाईसाब, आज धूप निकलेगी क्या?" जणू उन्हाची ड्यूटी लावणं येणाऱ्याच्याच हातात आहे.

ही गोष्ट माझ्या जयपूरमधल्या दुसऱ्या हिवाळ्याची. आधी मावठ झाली. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चमकलोच होतो. आपल्याकडे हिवाळ्यात अवकाळी आलेल्या पावसाला मावठा म्हणतात, इथं मावठ. फरक एवढाच की आपल्याकडे मावठ्याचं नाव काढलं की आंब्याचा मोहोर आणि द्राक्षाचे घड आठवून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. इथला शेतकरी मात्र गव्हाला, हरभऱ्याला, मोहरीला फुकटचं पाणी मिळालं म्हणून आभाळाला हात जोडतो. हा पाऊस आणणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्सचा उगम पार भूमध्य समुद्राच्या बाजूला. समुद्रापासून इतक्या लांब येऊन पडलो, तरी समुद्र काही पाठ सोडत नाही.

मावठ होऊन गेली, आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला. ओली जमीन रात्रभर उष्णता सोडत राहिली आणि पहाटे तिच्यावरचा दमट थर गार होऊन धुकं दाटलं. ते दुपारी थोडं वर उचलायचं, करड्या चादरीसारखं डोक्यावर राहायचं आणि संध्याकाळी पुन्हा खाली बसायचं. एरवी जानेवारीत इथं दुपारी बावीस-तेवीस अंशांचं छान ऊन असतं. त्या आठवड्यात पारा चौदा-पंधराच्या पुढे सरकेना. हवामान खात्याच्या हिशेबात १००० मीटरच्या आत दिसेनासं झालं की धुकं, २००च्या आत दाट धुकं आणि ५०च्याही आत गेलं की अति दाट. आमच्या हिशेबात समोरच्या ब्लॉकची पाण्याची टाकी दिसली तर साधं धुकं आणि स्वतःची मोटारसायकल दिसली नाही तर दाट.

धुक्यात संतरी ड्यूटी केलेल्यांना वेगळं सांगायला नको. डोळे कामाचे राहत नाहीत, सगळं कानावर येतं. पानावरून थेंब पडला तरी मान वळते. कपडे ओले होत नाहीत, पण कोरडेही राहत नाहीत. बंदुकीवर दव, भुवयांवर दव. आणि माणूस गप्प होतो. नऊ दिवस असे गेले की बराकीतली सगळ्यात बडबडी पोरंसुद्धा चहा घेऊन कोपरा धरतात.

आमच्या घरात तर आधीपासूनच एक माणूस गप्प होता.

आई गेली जूनमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत गेलो आणि आबांना जवळजवळ उचलूनच जयपूरला घेऊन आलो. गाव आमचं गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. एवढं मोठं घर, मागे माडाची बाग आणि त्यात एकटा माणूस. आबा स्वतः माजी सैनिक, हवालदार म्हणून पेन्शन आलेले. ऐंशीच्या दशकात सियाचिनवर राहून आलेले. तिथून येताना डाव्या पायाची दोन बोटं ठेवून आले. बोटं कशी गेली हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लहानपणी आम्ही विचारलं की म्हणायचे, "बर्फानं खाल्ली." मोठेपणी विचारायचं सोडून दिलं. मी स्वतः वर्दी घातल्यावर तर मुळीच विचारलं नाही. एका फौजीनं दुसऱ्याला असं विचारू नये, असं काहीतरी डोक्यात बसलेलं.

थंडीत तो पाय ठणकतो. त्या नऊ दिवसांत आबा खाटेवरून फक्त जेवायला आणि औषधाला उठत. आईनं शिवलेली गोधडी त्यांनी गावाहून आणलेली, ती गुडघ्यांवर घेऊन बसत. गोधडीला दमट वास यायला लागला होता. हिनं एकदा "आबा, द्या जरा हीटरपाशी धरते" म्हटलं तर म्हणाले, "हीटरनं नाही जायचा तो. ऊन पडलं की सांग."

माझ्या खिशात त्या वेळी पोस्टिंग ऑर्डर होती. ख्रिसमसच्या आधीच आलेली. फील्ड, आणि तेही वर. हिला सांगितलं होतं. पोरीची सातवीची परीक्षा व्हायची होती, म्हणून दोघींनी इथंच सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहायचं ठरलं होतं. आबांचं काय करायचं, ते ठरलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांना सांगायचाच धीर होत नव्हता. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज धुकं बघायचो आणि म्हणायचो, आज नको. आईला जाऊन सात महिने झालेले, त्यात पाय दुखतोय, त्यात बाहेर हे असं, आणि आपण जाऊन म्हणायचं की मीही चाललो.

रविवारची सुट्टी साधून पोरीच्या हट्टानं आम्ही जंतरमंतरला गेलो. आबांना टॅक्सीत घालून नेलं. सवाई जयसिंगांनी जयपूर वसवलं १७२७ मध्ये आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ही वेधशाळा उभी केली. पोरीच्या पुस्तकात तिचा धडा होता. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे दगडाची सूर्यघडी, जवळजवळ २७ मीटर उंच, जगातली सगळ्यात मोठी. उन्हात तिची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. सावली सरकताना डोळ्यांना दिसते म्हणतात. आम्हाला काय दिसलं? एक भला मोठा जिना धुक्यात वर गेलेला आणि वरचं टोक गायब. सावली नावालाही नाही. आमचा गाईड हात चोळत म्हणाला, "साब, आज घड़ी छुट्टी पर है." पोरगी हिरमुसली. आबा मात्र त्या जिन्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं मोठं बांधलंय, आणि सूर्य नसेल तर नुसता दगड." एवढंच. पण त्या दिवसातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

परतताना मला आमच्याकडची जुलैतली उघाडी आठवली. कोकणात राहिलेल्यांना कळेल. मे महिन्यात ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, त्याला जुलैत आपण पारखे होतो. आठ-आठ, दहा-दहा दिवस पाऊस आणि ढग, समुद्रावर धूसर पडदा, डोंगरावर धुकं उतरलेलं. कपडे चुलीवरच्या वलणीला, म्हणून शाळेच्या शर्टाला धुराचा वास. मीठ पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही, पापड मऊ पडतात. आणि मग एखाद्या सकाळी अचानक फटकन ऊन. आई हातातलं काम टाकून धावत सुटायची. चटया, गोधड्या, उशा, सुकटीचा डबा, आमसुलं, ठेवणीतले कपडे, सगळं अंगणात आणि गडग्यावर. आम्हा पोरांना कावळे हाकायला बसवायची. तीन-चार तासांचा खेळ. समुद्राकडून ढग दिसला की पुन्हा सगळं आत. त्या तीन तासांत आईनं कुणाशी बसून गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. ऊन ही तिच्यासाठी बसून उपभोगायची गोष्ट नव्हतीच, कामाला लावायची होती. आबा त्या वर्षांत घरी नसायचेच. त्यांना उघाडी माहीत होती ती आईच्या पत्रांतून.

चौदा तारीख उजाडली. संक्रांत, आणि आम्हा लोकांसाठी माजी सैनिक दिनही. फील्ड मार्शल करिअप्पा १५ जानेवारी १९४९ ला पहिले भारतीय सेनाप्रमुख झाले आणि १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले. म्हणून पंधराला आर्मी डे आणि चौदाला माजी सैनिकांचा दिवस. (मराठी माणसाला या तारखेची आणखी एक आठवण असते. १७६१ सालचं पानिपत याच तारखेचं. थंडीत, उपाशीपोटी लढलेल्या त्या माणसांनीही सूर्याची वाट पाहिली असेल, असं धुक्यातल्या ड्यूटीवर मला नेहमी वाटतं.) स्टेशनमध्ये सकाळी दहाला कार्यक्रम होता. आबांचं नाव मी दिलं होतं. "येणार नाही," ते आदल्या रात्रीच म्हणाले होते.

पहाटे मला वाऱ्याच्या आवाजानं जाग आली. नऊ दिवसांनी वारा. खिडकी उघडली तर समोरच्या टाकीवरचा नंबर वाचता येत होता. साडेसातला पूर्वेकडे तांबूस पट्टा दिसला आणि आठच्या सुमारास, काय सांगू तुम्हाला, भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली पडली. पोरगी ओरडली, "पप्पा, सावली!" आधी सावलीच दिसली तिला, मग ऊन. सगळ्या ब्लॉकचे दरवाजे पटापट उघडले. तळमजल्यावरचे गढवाली, समोरच्या तमिळ वहिनी पोंगलची तयारी अर्धी टाकून, वरचे पंजाबी हवालदार, सगळे बाहेर. कोणी काही बोलत नव्हतं, नुसते तोंड वर करून उभे. लांबवर डोंगरावर नाहरगडाची भिंत दिसत होती. ती तिथं आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

मागे वळलो तर आबा दाढी करत होते.

कार्यक्रमाला शामियाना घातला होता. लाल गालिचा, खुर्च्यांच्या शिस्तीत लावलेल्या ओळी, समोर स्टेज. शामियान्यात सावली आणि सावलीत गारठा. पहिल्या दहा मिनिटांत एका म्हाताऱ्या रिसालदार साहेबांनी आपली खुर्ची उचलली आणि कनातीच्या बाहेर उन्हात नेऊन ठेवली. मग दुसऱ्यानं, मग चौघांनी. ड्यूटीवरचा पोरगा धावला, "सर, सीट नंबर के हिसाब से..." रिसालदार साहेब म्हणाले, "बेटा, तीस साल हिसाब से बैठा हूँ." अर्ध्या तासात शामियाना रिकामा आणि दीडशे-दोनशे माणसं बाहेर मैदानात, सूर्याकडे पाठ करून, मेडल चमकवत बसलेली. शेवटी एका अधिकाऱ्यानं हसत हसत माईकच बाहेर आणवला. भाषणं स्टेजकडे पाठ असलेल्या श्रोत्यांसमोर झाली. आजवर इतके समारंभ पाहिले, त्यात मला सगळ्यात आवडलेला हा.

आबांच्या शेजारी तेच रिसालदार साहेब बसले होते. दोघांचं काहीतरी चाललं होतं. जवळ गेलो तर रिसालदार आबांच्या बुटाकडे बोट दाखवून विचारत होते, "कौन सा साल?" आणि आबा म्हणाले, "सत्तासी." रिसालदारांनी मान हलवली आणि आपल्या हातमोज्यातलं एक रिकामं बोट वाकवून दाखवलं. पुढे दोघंही काही बोलले नाहीत. गजक खात बसले.

घरी आलो तेव्हा आकाश पतंगांनी भरून गेलं होतं. जयपूरची संक्रांत ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं. सगळं शहर गच्चीवर असतं. महाराजा सवाई रामसिंगांपासूनचा हा नाद, त्यांचे पतंग आणि फिरक्या सिटी पॅलेसमध्ये ठेवल्या आहेत. प्रत्येक गच्चीवर लाऊडस्पीकर, तिळाचे लाडू, फीणी, डाळीची भजी आणि दर दोन मिनिटांनी कुठून तरी "वो काटा!" धुक्यात वारा नव्हता, म्हणून आठवडाभर दुकानदार रडत होते. आता ऊन आणि वारा एकदमच आले होते. मांजाचं एक दुखणं आहे. पक्षी कापले जातात, दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात. पोरीला मी साध्या सुती दोऱ्याखेरीज काही दिलं नाही. तिचा पतंग तीन वेळा कापला गेला, ती तीन वेळा रडली आणि चौथा चढवला.

हिनं काळी साडी नेसली होती. शेजारणीनं दबक्या आवाजात विचारलं, "भाभीजी, त्योहार पे काला?" हिनं तिला तिळगूळ देऊन सगळं समजावलं, थंडीतला सण, काळा रंग ऊन धरून ठेवतो वगैरे. शेजारीण काही पटल्यासारखी दिसली नाही, पण तिळगूळ दोनदा घेतला.

आणि मी काय केलं? आईनं जे केलं असतं तेच. घरातली एकूण एक गादी, उशी, रजई, माझी स्लीपिंग बॅग, कोट, बूट, सगळं गच्चीवर. कठड्यावर जागा उरली नाही. शेवटी आबांची गोधडी. ती त्यांनी स्वतः आणली आणि स्वतः पसरली, कोपरे ओढून, सुरकुती काढून, कीट इन्स्पेक्शनला पसरतात तशी. मग प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेजारी बसले. बूट-मोजे काढले आणि तो डावा पाय उन्हात ठेवला.

पोरीनं जंतरमंतरचा सूड म्हणून गच्चीवर झाडूचा दांडा उभा केला होता आणि दर दहा मिनिटांनी खडूनं सावलीच्या टोकावर खूण करत होती. बाराला सावली सगळ्यात लहान व्हायला हवी, असं तिचं म्हणणं. झाली नाही. साडेबारालाही ती लहानच होत होती. सगळ्यात लहान खूण आली बारा पस्तीसच्या आसपास. "आपलं घड्याळ चुकलंय," ती म्हणाली. मी सांगितलं, घड्याळ मिर्झापूरच्या बाजूनं जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य इथं २७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वरची आठ-नऊ मिनिटं पृथ्वीच्या चालीतल्या फरकाची. तिला अर्धंच कळलं. आबा म्हणाले, "म्हणजे सूर्य पण रोलकॉलला उशिरा येतो." आणि हसले. जूननंतर पहिल्यांदा.

तेव्हा मी सांगितलं. पोरगी खाली लाडू आणायला गेली होती. म्हटलं, "आबा, ऑर्डर आलीय. एप्रिलमध्ये निघायचं."

"कुठं?"

"वर."

वर म्हणजे कुठे हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या डोक्यावर दोन पतंग भांडत होते, एक पिवळा आणि एक तिरंगी. ते त्यांच्याकडे बघत राहिले. पिवळा कापला गेला, चार गच्च्या एकदम ओरडल्या आणि तो गिरक्या घेत छावणीच्या झाडांमागे गेला.

"मोजे दोन जोड जास्त ने," ते म्हणाले. "सरकारी मिळतात ते सोडून. ओले झाले की तिथल्या तिथं बदलायचे. कितीही कंटाळा येऊ दे. मी त्या रात्री बदलले नव्हते. दमलो होतो. म्हटलं सकाळी बघू."

एवढंच. अडतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, चार वाक्यांत संपली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, सुचलं नाही. पायाकडे बघितलं. उन्हात तो साधा म्हाताऱ्या माणसाचा पाय दिसत होता, भेगा पडलेला, थोडा सुजलेला.

थोड्या वेळानं विचारलं, "तुमचं काय करू या? गावी पोचवू की इथं राहाल दोघींबरोबर?"

"पोरीची परीक्षा मार्चमध्ये ना?"

"हो."

"तोवर इथंच. मग जूनच्या आधी एकदा गावी जाऊन कौलं बघून यायला पाहिजे. वर्षश्राद्ध पण आहे." मग थांबून, "तुझ्या आईनं पावसाळ्यात एकटीनं सगळं वाळवलं. बारा-पंधरा वर्षं. मला पत्रात लिहायची, आज उघाडी होती, गोधड्या वाळल्या. मला वाटायचं, बाईला लिहायला दुसरं काही नाही."

पोरगी लाडू घेऊन वर आली. तिनं आजोबांच्या हातात फिरकी दिली आणि पतंग चढवायला लागली. वारा छान होता. आबांना फिरकी धरता येत नव्हती. आमच्या गावात माडाच्या झावळ्या इतक्या की पतंगाला जागाच नाही. पण धरली, दोन्ही हातांत, एलएमजी धरल्यासारखी. ती "आजोबा, ढील!" म्हणाली की ते सोडायचे, जरा जास्तच.

चारच्या सुमाराला ऊन उतरायला लागलं. हवेत पुन्हा गारवा आला आणि लांबवर, शहराच्या कडेला, करडी रेघ दिसायला लागली. नाहरगड अजून दिसत होता. मी गाद्या गोळा करायला उठलो. गोधडीला हात लावला तर आबा फिरकीवरून मान न वळवता म्हणाले, "ती राहू दे अजून. उलटी कर. त्या बाजूला ऊन लागलं नाही."